अंगठ्याची जमीन

उज्जैन, ३ फेब्रुवारी

चि. ऋता हीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या अलकाचं, बोल माझे. म्हणून या पत्रात तिची निंदा करता येत नाही.

तुझा विलासकाका परवा आला. माझ्या दिराचा मुलगा, म्हणून चहा ठेवला. चहा उकळेस्तोवर त्याने तुझ्या बाबांचा, माझ्या प्रभाकरचा, हात दाराच्या फटीत घालून दार ढकललं. दोन हाडं मोडली. मला फोन करायचं सुचलं, तर तो त्याने आधीच वरवंट्याने ठेचला होता. देवास रोडवरची माझी दोन बिघे जमीन त्याला हवी. अंगठा दे, नाहीतर पुढच्या वेळी प्रभाकरची मान, असं सांगून गेला. चहा पिऊनच गेला. अद्रक कमी आहे म्हणाला.

ठाण्यात घरचा मामला म्हणून परत पाठवलं. तू जमीन त्या कम्प्यूटरच्या साखळीत बांधलीस ना? ती विलासच्या पायात घालता येते का, कळव. लोभ असू दे आणि वेळेवर जेव.

तुझी आजी माणिक

भोपाळ, ६ फेब्रुवारी

ती. आजीस ऋताचा सा. न.

पत्र मिळालं. साखळी म्हणजे प्रत्येक नोंद शेकडो कम्प्यूटरांत, एकीला दुसरी जोडलेली. जमिनीची वही ठेवणारा पटवारी काय, मीही ती खोडू शकत नाही. त्याचंच आता भय वाटतं. तुझा उजवा अंगठा ठशाच्या मशीनवर लागला की जमीन गेली. मानेवर विळा असला तरी मशीनला तो दिसत नाही. दुसरं कुठलंही बोट त्यात नाही, तेवढा अंगठा जप. सोळाला येऊन तुम्हां दोघांना घेऊन जाते. बाबांना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझी ऋता

उज्जैन, १२ फेब्रुवारी

चि. ऋतास आशीर्वाद. अलका रडतेय, शाई पसरली तर तिला बोल लाव.

काल विलास दलाल आणि मशीन घेऊन आला. प्रभाकरच्या मानेला विळा लावला. रक्त सदऱ्यावर उतरलं. मी म्हटलं, अंगठा देते, पण तव्यावरची पोळी जळेल, उतरवू दे. पोळी उतरवली आणि तिच्या जागी अंगठा ठेवला. चर्र झालं. ओरडला विलास, मी नाही.

मग त्याने मला थोबाडीत मारली. एक दात गेला. हलतच होता मेला. तसाच अंगठा मशीनवर दाबला, तर कातडी काचेला चिकटली आणि लाल दिवा लागला. दलाल अंगणात ओकून पळाला. आरडाओरड ऐकून गल्ली जमली, तेव्हा विळा खाली आला. ठाण्यात या वेळी रपट लिहून घेतली आहे, पण स्वारी अजून मोकळीच.

आणि आज सकाळी विलास हजर, हातात मलम! डॉक्टर म्हणे कातडी परत येईल. काकू, झोप लागली का, दुखतं का, विचारत होता. जन्मात इतकी सेवा कुणी केली नाही. मलम मी प्रभाकरच्या मानेला लावते. चांगला गुण आहे. माझा अंगठा बरा व्हायला लागला, की तवा तापवते.

तू सावकाश ये. लोभ आहे तो वाढव.

तुझी आजी माणिक