आईचं अक्षर सुधारलं

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

सहलीहून सुखरूप परतलो. पोरांनी आजीला चार दिवस हैराण केलं, तिनेही त्यांना केलं. तू नेहमीसारखी ऐनवेळी आली नाहीस म्हणून माझी बायको अजून घुश्शात आहे.

आता पुढचं बसून वाच. काल फिल्म धुतली. आईचे अकरा फोटो निघाले. सगळे तळ्याकडे बघतायत, आई मात्र जो बोलतोय त्याच्या दिशेला. एकदा मी ‘इकडे बघ’ म्हणून ओरडलो आणि दोन पावलं बाजूला सरकलो, तर ती माझ्या आधीच्या जागेकडेच बघून हसतेय. उतरलो होतो तिथल्या जिन्यावर तिचा तळहात भिंतीला आहे. ताई, तिला दिसत नाही गं. लोकांच्या चेहऱ्यांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस मी, आणि चार दिवस मला पत्ता नाही. लाज वाटते.

तुझ्याकडून तिचं घर दोन तासांवर. न कळवता जाऊन ये. वाट बघतो, माया असू दे.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जाऊन आले. तुझं खरं निघालं. मी दारात काही न बोलता उभी राहिले, तर माझ्या आईने मला विचारलं, कोण आहे म्हणून.

अख्ख्या गल्लीला वर्षभर ठाऊक आहे. वाणी सामान ओट्यावर ठेवून जातो. पोस्टमन आपली पत्रं शेजारच्या शिवणवाल्या काकूंना देतो, त्याच वाचून दाखवतात आणि उत्तरंही लिहितात. आईचं अक्षर सुधारलं म्हणून आपण कौतुक करत होतो, आठवतं? दोघंही दीडशहाणे.

सहलीहून आल्यावर शेगडीवर तिची बाही पेटली. काकूंनी धावत येऊन विझवली, पण हात कोपरापर्यंत भाजलाय. आपल्याला कळवायचं नाही अशी सगळ्यांना शपथ. काकूंना नको नको ते बोलले.

ह्यांनी आमची मागची खोली रिकामी केली आहे. रविवारी, अठराला, गाडी नेते आणि तिला कायमची घेऊन येते. तू तिथे हजर राहा, तुझं ऐकते ती. पुन्हा काही पेटलं तर मी स्वतःला माफ करणार नाही, तुलाही नाही. तब्येतीला जप.

तुझी ताई

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अक्षर शिवणवाल्या बाईंचं आहे, आता लपवून काय करायचं. ताई त्यांना बोलली ते मला आवडलेलं नाही. त्या नको म्हणतायत, तरी त्यांच्याच हातून लिहून घेतेय.

डावा डोळा गेला, उजव्याला उजेड तेवढा कळतो. डॉक्टरने हात टेकले. शेगडीला आता मी शिवत नाही. पण ताईच्या मागच्या खोलीत मी काय करू? इथे खोकल्यावरून माणूस ओळखते, जिना पायांना पाठ आहे. तिथे मला मीसुद्धा सापडणार नाही.

तुला सांगायचं होतं. जीभ रेटेना, म्हणून सहलीला आले. रोज वाटायचं, आज ह्याला कळेल. तू लांबून हसायला सांगायचास, मी हसायचे. एकदा हात धरला असतास तर तिथेच सांगितलं असतं. रागाने नाही लिहीत.

रविवारचं तू ठरव. माझं ताई ऐकणार नाही. पोरांना पापे.

तुझी आई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

काल आईकडे आलो, कॅमेरा घरी ठेवून. जिन्यावर तिचा हात धरला तर म्हणाली, सोड, माझ्या पायऱ्या चुकवतोस.

आई इथेच राहील आणि मीही. पुढची खोली माझ्या कामाला पुरते. शाळा संपली की बायको पोरांना घेऊन येईल. तोवर स्वयंपाक मी करणार, हसू नकोस. रविवारी जरूर ये, पण गाडी रिकामी परत जाईल. आधी काकूंच्या दारात जा आणि त्यांची माफी माग.

संध्याकाळी आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. गालांपाशी थांबली. म्हणाली, गालफडं बसली की रे तुझी, मला कुणी सांगितलं कसं नाही?

राग आला तरी लोभ सोडू नकोस.

तुझा धाकटा