वासाची साक्ष

छत्रपती संभाजीनगर,
दिवाळीनंतरचा रविवार

ती. रामप्रसाद दाजींना बिभीषणचा वाकून नमस्कार.

तुमची आणि अक्काची तब्येत ठीक असेल असं मी धरून चालतो, कारण ठीक नसती तर अक्काचा फोन आला असता आणि त्यात माझीच चूक निघाली असती. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात मक्याला भाव नाही असं पेपरात वाचलं आणि तुमची आठवण झाली (भाव पडला की दाजी गादीवर कमी आणि शेजारच्या हॉटेलात जास्त सापडतात, हे अक्काचं मत, मी फक्त पोचवतो). फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन आडतीवर कायम स्पीकरवर असतो आणि माझा मजकूर हमालांसमोर वाजण्यासारखा नाही.

कोरोनात गेलेलं माझं नाक परत आलेलं नाही, हे या जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. मला वास येत नाही. अत्तर, फिनेल आणि साजूक तूप मला सारखंच. पहिलं वर्षभर सौ. या गोष्टीनं पार खचली होती. फोडणी दिली की कढईकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची, आणि तिथं काहीच हललं नाही की गॅस बंद करून बाहेर जाऊन बसायची. पुढं पुढं तर घरात नुसती खिचडी शिजू लागली. शेवटी एके दिवशी ती काळा मसाला भाजत होती तेव्हा मीच म्हणालो, अगं, वास आला. तिनं गल्लीत पेढे वाटले आणि खुलताबादच्या मारुतीला नारळ फोडला. तेव्हापासून मी दोन्ही वेळा जेवताना वासाचं कौतुक करतो. (न वाचता सह्या करण्यात अख्खी नोकरी गेलेल्या माणसाला हे जड जात नाही.)

आता मूळ गोष्ट. यंदा गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले, म्हणजे सोनं वाटायचं आणि दारू विकायची नाही. या विषयातलं ज्ञान तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त, कारण आपल्या खानदानात दारू पिण्याचा सरकारी परवाना असलेले तुम्ही एकटेच. आपल्या राज्याचा कायदा मला लई आवडतो. त्याच्या मते सगळी जनता मुळात निर्व्यसनी आहे आणि ज्याला प्यायची त्यानं तसा कागद जवळ ठेवायचा. दुकानात बाटलीबरोबर एका दिवसाचा परवाना मिळतो म्हणतात; तो मागणारा माणूस मात्र अजून कुणी पाहिलेला नाही. कोरड्या दिवशी दुकानांची शटर पुढून बंद असतात (मागून काय असतं ते विचारायला तसा कुणी मोकळा नसतो), आणि त्या दिवशी प्रत्येक चौकीला एखादी तरी केस दाखवावी लागते, नाहीतर वरून विचारणा होते की तुमच्या हद्दीत दारू नाही म्हणजे तुम्ही करता काय.

संध्याकाळी मी आणि सौ. आपट्याची पानं आणि झेंडू घेऊन घरी निघालो होतो. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी भिकनची अंडाभुर्जीची गाडी असते. माणूस सरळ, भुर्जी चांगली, आणि सोबत सिरक्यात मुरवलेला कांदा देतो, त्यासाठी गिऱ्हाईक लांबून येतं. बाकीच्या गाड्या बंद म्हणून त्या दिवशी त्याची जोरात होती. तेवढ्यात मोटारसायकलवरून जमादार आणि एक शिपाई आले, गाडीखालून एक कॅन ओढून काढला आणि पंच शोधू लागले. पंच म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको: रस्त्यानं जाणारा, घाईत असलेला आणि नाही म्हणता न येणारा माणूस. एक पंच त्यांच्याबरोबरच आलेला होता. हा सांडू. चौकीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून असतो, आणि मजकूर लिहून व्हायच्या आधी त्याची सही झालेली असते. दुसरा मी.

जमादारांनी कॅनचं झाकण काढून माझ्या नाकाखाली धरलं. भिकन तिकडून सांगत होता, "साहेब, सिरका हाय हो त्यो. कांद्यात टाकायचा." जमादारांना हे ऐकू आलं, पण जमादारांचं नाक सरकारी सेवेत आहे, त्याला स्वतःचं मत देता येत नाही, मत पंचानं द्यायचं असतं. त्यांनी मला विचारलं, "काका, येतोय का वास?"

दाजी, माझी अडचण समजून घ्या. सौ. पाच पावलांवर उभी होती. गुरुवार, त्यात दसरा, आणि अंड्यांची गाडी, म्हणून तिनं पदर नाकाला लावला होता, पण कान उघडे होते. नाही म्हणालो असतो तर पेढे, नारळ आणि रोजचं दोन वेळचं कौतुक, सगळं तिथंच भर रस्त्यात उघडं पडलं असतं. मी म्हणालो, येतोय. कसला येतोय हे मला कुणी विचारलंच नाही. शिपायानं "उग्र व आंबट, दारूसारखा" असं लिहिलंसुद्धा होतं. (भिकननं नंतर सांगितलं की दारूचा वास तिथं खरंच येत होता, पण तो सांडूच्या अंगाचा होता. मला कळायला काही मार्ग नव्हता.) मी सही केली. जमादारांनी माझ्याच पिशवीतलं आपट्याचं पान काढून मला दिलं आणि सोनं घ्या म्हणाले. मीही त्यांना दिलं. सण होता.

गाडी चौकीच्या आवारात जमा झाली. भिकन जामिनावर सुटला, पण गाडीशिवाय तो कढई घेऊन उभा कुठं राहणार? कॅनमधला नमुना तपासायला गेला आहे, आणि त्याचा अहवाल कधी येईल हे तपासणारेही सांगत नाहीत. तोवर गाडीत पावसाचं पाणी साचलंय आणि एक कुत्री व्यायली आहे. भिकनची दिवाळी दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासत गेली. परवा तो आणि त्याची बायको दगडाबाई आमच्या घरी आले. मला वाटलं, भांडायला आले. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण भांडले नाहीत. सौ.नं केलेला चहा घेतला, आणि जाताना उंबऱ्याशी भिकन एवढंच म्हणाला, "काका, तुमी वास घेतला होता ना? मंग तुमाला म्हाईतच हाय."

त्याला अजूनही वाटतं की मी खरं सांगीन, कारण खरं मला ठाऊक आहे. माझ्याकडे ते नव्हतंच, हे त्याला कसं सांगू? त्या रात्री मला जेवण गेलं नाही आणि सौ.च्या आमटीचं कौतुक करायचं राहून गेलं. मी चौकीत जाऊन जमादारांना गाठलं आणि आडून आडून विचारलं की पंचाला नंतर काही वेगळं आठवलं तर? ते समजुतीनं म्हणाले, "काका, पंचाचं काम सहीपातूर. पुढचं सरकार बघतं."

तर गाडी सोडवण्याच्या अर्जावर परवा, मंगळवारी, कोर्टात सुनावणी आहे. भिकनची वकील मोनिका नावाची तरुण मुलगी आहे आणि फार हुशार आहे, त्याचीच मला भीती वाटते. ती माझ्यापुढं बंद बाटल्या ठेवून वास ओळखायला लावणार असं कळलं. मी ठरवलंय की उभं राहून सरळ सांगायचं: मला वास येत नाही, त्या दिवशीही आला नव्हता. चौकी काय करायचं ते करो. कळवण्यासारखं बाकी काही नाही. अक्काला नमस्कार.

आपला,
बिभीषण

ता. क. वरचं सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच. सौ.ला कोर्ट बघायचंय. डबा घेऊन येणार म्हणते, नवऱ्याची साक्ष म्हणजे तिला लग्नातल्या सत्कारासारखं वाटतंय. तेव्हा पत्र मिळताच अक्काला सौ.ला फोन करायला सांगा की माझी कंबर धरली आहे, मंगळवारी सकाळच्या आत ये. कंबर धरली नसेल तर धरायला सांगा. पत्र उद्या सकाळच्या लासूरच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती देतोय.

ता. क. २. चौकीत मी सौ.च्या हातचं लोणचं नेऊन दिलं होतं, हे तिला बोलू नका. तिची बरणी ती मोजून ठेवते.

ता. क. ३. भाऊजी, नमस्कार. हे पाकिटाला लावायचा डिंक शोधायला गेलेत, तोवर वाचलं. अक्कांच्या कंबरेला काही होऊ देऊ नका, मी येणार नाही. यांना वास येत नाही हे मला पेढे वाटल्यावर आठच दिवसांत कळलं. दूध करपून घरभर धूर झाला होता आणि हे म्हणाले, बासुंदी का गं? मी बोलले नाही, कारण माझ्यासाठी खोटं बोलणारा माणूस मला बरा वाटला. त्या दिवशी पदराआडून सिरक्याचा वास मला स्वच्छ आला, आणि त्या सांडूचाही वेगळा आला. मी म्हणाले असते तर यांचं नाक चारचौघांत उघडं पडलं असतं, म्हणून गप्प बसले. मला वाटलं, पोलिसांनाही नाकं आहेत, ते ओळखतील. आम्ही दोघं एकमेकांना जपत राहिलो आणि गाडी भिकनची गेली. दगडाबाई चहाचा कप विसळून ठेवून गेली, तेव्हापासून मला स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. वकीलबाईंना मी कालच फोन केलाय. यांच्या आधी मी उभी राहणार आहे. यांना काही कळवू नका, तिथं कळेल.