खोटं आणि खोटं-खोटं

बाई, आज दुपारी खुर्चीतच डोळा लागला आणि मी आपल्या बालवाडीच्या अंगणात पोचले. अंबडच्या कंपन्यांमागची ती पत्र्याची खोली, समोर वाळूचा ढीग आणि त्यात पदर खोचून, फतकल मारून बसलेल्या तुम्ही. पोरं तुमच्या पायांवर वाळू लोटतायत, पाय दिसेनासे होतायत, आणि तुम्ही म्हणताय, "अगं बाई, माझे पाय कुठे गेले?" जाग आली तरी थोडा वेळ माझीच पावलं गार लागत होती.

ती पेठ तालुक्याकडून आलेली चिमुरडी आठवते? आईबाप बांधकामावर, आणि ही तीन महिने कोपऱ्यात, तोंडातून शब्द नाही. मी एकोणीस वर्षांची, नुकतीच कामाला लागलेली, शिकवायला नुसती उतावीळ. एके दिवशी ती आपणहून आली, करवंटीत वाळू घेऊन. माझ्यासमोर धरून म्हणाली, "भात." पहिला शब्द! आणि मी शहाणीने काय करावं? "भात नाही बाळा, वाळू आहे ही. खोटं बोलू नये." तिने करवंटी पालथी केली आणि पुन्हा कोपरा गाठला.

तुम्ही दारातून पाहिलंत. पोरं घरी गेल्यावर म्हणालात, "खोटं वेगळं, खोटं-खोटं वेगळं. खोट्यानं माणूस फसतो. खोटं-खोटं खेळताना पोर एका वस्तूत दुसरी बघायला शिकतं. ते जमलं की मग 'अ'च्या रेघोट्यांत त्याला अननस दिसेल. एवढं कळत नाही, अन् निघाली शिकवायला!" मला रडू फुटलं. तुमचा रागही आला, खरं सांगते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज तिच्यासमोर ओंजळ धरून बसायचात. "भूक लागली गं." ती बघतही नाही. तुम्ही थोडा वेळ बसता, उठता, उद्या पुन्हा. ही पोर आता माझ्यामुळे कायमची मुकी राहणार, अशी मला धास्ती. कितवा दिवस होता कुणास ठाऊक, तिने मूठभर वाळू तुमच्या ओंजळीत सोडली. "फुकून खा, बाय. पोळल." तुम्ही फुंकर मारलीत, वाळू उडून तुमच्याच डोळ्यांत गेली, आणि ती खदखदून हसली. मी हसतही होते आणि रडतही होते.

पुढे गुडघ्यांनी तुम्हाला घरी बसवलं आणि बालवाडी माझ्याकडे आली. शेजारी इंग्लिश मीडियम निघालं. आया दारात येऊन म्हणायच्या, "ताई, तिथली पोरं एबीसीडी लिहितात. आमची नुसती मातीत लोळतात हो." दहा पोरं गेली. मी घाबरले आणि खेळाच्या तासाला पाट्या वाटल्या. पोरं मुकाट्याने बसली, ते मला जास्त लागलं.

त्याच सुमारास मी तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या, आवाज बसलेला, तरी विचारलंत, "खेळतात ना गं पोरं?"

"हो बाई, अजून तश्शीच."

तुम्ही माझा हात थोपटून डोळे मिटलेत. तुम्ही गेल्यावर वर्षभराने मी त्या पाट्या कपाटात टाकल्या. ते कळवावं म्हणून लिहायला बसले होते. पण हा कागद कुठे जायचा नाही, तेव्हा खरं तेच लिहिते. तुम्ही माझ्या त्या खोट्या 'हो'वर विश्वास ठेवलात, बाई, आणि त्या दिवशी घरी परतताना मला लाज वाटली नाही. बरं वाटलं.