सावडीचं जेवण

उंबरपाडा, ता. सुरगाणा

प्रिय ठमा,

हे पत्र हिरामण जीपवाल्याच्या हाती देते आहे. द्राक्षाच्या कामाला गेलेली आपल्याकडची माणसं आणायला तो सायखेड्याला निघालाय. पत्र तुझ्या हातातच द्यायचं, तुझ्या नवऱ्याच्या, वाळूभाऊजींच्या नाही, असं त्याला दोनदा बजावलंय. फोन का केला नाही म्हणशील. अगं, तुझा फोन मला पाठ झालाय. साधं बोलणं असलं की आवाज खणखणीत, आणि जरा अवघड विषय काढला की तुझी रेंज जाते. आता जाऊ दे बघू कुठे जाते ती.

सहादू परवा ओट्यावर बसून सांगत होता की वहिनी आखातीला, अक्षय तृतीयेला, येणार आहे, घर आणि शेत कायमचं माझ्या नावावर करून देणार आहे. सांगताना त्याचा चेहरा काही खुललेला नव्हता, हेही लिहून ठेवते. तुझा दीर भला माणूस आहे. मी त्याला म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? घर तुझं, शेत तुझं, निर्णय तुझा. त्यावर मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नव्हते, पण लिहून बसले. असो. आता गावाकडच्या बातम्या वाच.

आश्रमशाळेत असताना सुट्टी लागली की आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, आठवतं? दोन पाड्यांच्या मध्ये एक ओढा, चालत गेलं तर अर्धा तास. तरी पत्र! दहावीपर्यंत आपल्या खाटा शेजारी होत्या आणि थंडीत दोघींच्या चादरी एकावर एक घालून आपण एकाच खाटेवर झोपायचो. त्या शाळेतल्या मॅडम अजून मला बाजारात भेटतात. तुझी चौकशी करतात. सृष्टीची तर फारच करतात. मी काय सांगू त्यांना? आठवी झालेली हुशार पोर आईबरोबर बागेत द्राक्षाचे मणी विरळते, हे सांगताना माझीच मान खाली जाते. रागावू नकोस. तुझ्यावर नाही गं रागावले, वेळेवर रागावले आहे.

तर बातमी अशी की तुझ्या मैत्रिणीने पाड्यात सावड सुरू केली. भाताच्या आवणीची नव्हे, पैशाची. सरकारकडून बायकांना महिन्याला दीड हजार मिळतात ना, आपल्याकडे त्यांना सगळ्या बहिणीचे पैसे म्हणतात. सुरुवातीचे काही हप्ते आले कधी नि गेले कधी कळलंच नाही. त्यातही मजा होती, खोटं कशाला बोलू. बाजारात जाऊन कोणालाही न विचारता वासाचा साबण घेण्याची मजा तुला मी काय सांगणार! मिनी बँकेत मी दहावी शिकलेली बाई अंगठा लावायचे, नोटा पदराला बांधायचे आणि राणीसारखी चालत यायचे. पण आठ दिवसांत साबण विरघळायचा आणि राणी पुन्हा नागली निंदायला.

मग गेल्या उन्हाळ्यात मला सुचलं. आवणीला, भात लावताना, आपण काय करतो? आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या शेतात. एकटीने पंधरा दिवस वाकायचं ते काम दिवसात उरकतं. मग पैशाचंही तसंच का करू नये? बारा जणी तयार झाल्या. प्रत्येकीने दरमहा हजार काढायचे, पाचशे घरात ठेवायचे, आणि जिची पाळी तिने सगळे उचलून घरात टिकेल असं काहीतरी करायचं. मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की चार दिवस माझ्याशी बोलायची सोय नव्हती.

आणि ठमा, पहिल्याच पाळीला आम्ही जो घोळ घातला तो फक्त आपल्याच पाड्यातल्या बायका घालू शकतात. सावड म्हटली की जिच्या शेतात काम तिने सगळ्यांना जेवू घालायचं, हे आपल्या हाडात भिनलेलं. पहिली पाळी माझ्या जावेची. तिला शेळ्या घ्यायच्या होत्या. तिने काय करावं? सावडीचं जेवण म्हणून दोन गावठी कोंबड्या कापल्या, तांदूळ आणला, तेलाचा डबा आणला. बारा जणी, त्यांची पोरं, पोरांचे बाप, सगळे हात धुऊन हजर. दुसऱ्या पाळीवाली मागे कशी राहील? तिने बोकड कापला! आम्ही बोटं चाटत घरी आलो. जावेच्या दोन शेळ्यांची एक झाली आणि दुसरीच्या शिलाई मशीनचं नुसतं नाव राहिलं. माझा नवरा, आमच्या साईचा बाप, ढेकर देऊन म्हणाला, "सावड लय चांगली हाय, दर महिन्याला घाला." असा संताप आला मला!

घोळ सोडवला कोणी माहीत आहे? तुझ्या सासूने. म्हातारी दोन्ही पंगतींना जेवली आणि तिसऱ्या महिन्याला काठी आपटत आली. म्हणाली, "सावडीचं जेवन घामाचं अस्तं. तुमी काम काय केलं? पैसं काढलं न् जेवाया बसल्या. काम नाय तं जेवन नाय." तेव्हापासून नियम झाला. जिची पाळी तिचं जे काही असेल त्याला बाकीच्या अकरा जणींनी हात लावायचा, अंगमेहनत करायची, आणि मग जेवायचं. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. कोंबडीचं नाव काढायचं नाही.

तिथून गाडी रुळावर आली. एकीने झऱ्यापासून वावरापर्यंत पाइप आणला, तो पुरायला आम्ही बाराजणींनी एका दिवसात चर खणला. तिथे आता स्ट्रॉबेरी आहे. बोरगावकडे घाटमाथ्यावर लावतात तशीच, आणि खाताना पोरांची तोंडं लाल होतात ती पाहायला मजा येते. एकीने लेकीला नाशिकला नर्सिंगला घातलं. तिथे आमच्या अंगमेहनतीचं काय काम, म्हणून आम्ही तिच्यासाठी गोधडी शिवली. जावेची शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, म्हणजे एकीच्या तीन झाल्या, तरी ती कोंबड्यांची आठवण काढली की अजून चिडते. आणि हिरामण कुरकुरतो. दर वर्षी आपल्या पाड्यातून तीन जीपा भरून द्राक्षाला जायच्या, यंदा एकच भरली. फार श्रीमंत झालोय असं समजू नकोस. पण घरी दोन कामं असली की माणूस जायच्या आधी विचार करतो.

आता माझी पाळी. ती अकरावी, या महिन्यात आली. साईच्या बापाने वर्षभर आधी ठरवून ठेवलं होतं की पाण्याची मोटर घ्यायची. कुठल्या कंपनीची, किती ताकदीची, सगळं तोंडपाठ. मी हं हं म्हणत होते. पण मला साई झाला त्या वर्षीची आवणी आठवत होती. रोपं पिवळी पडायला लागली होती, हा माणूस तापाने फणफणलेला, मी ओली बाळंतीण, आणि तू सात दिवस माझ्या खाचरात वाकून होतीस. सृष्टी दोन वर्षांची, तिला बांधावर टोपलीत बसवलेली. मी खाटेवरून रडत होते तर तू चिखलाच्या पायांनी दारात येऊन म्हणालीस, "रडतेस कशाला, पुढच्या साली माझ्याकडं सात दिस ये." पुढच्या साली तुम्ही सायखेड्याला गेलात. तुझं शेत सहादू वाट्याने करायला लागला. माझे सात दिवस तसेच राहिले, ठमा. दर आवणीला पहिलं रोप चिखलात खोचताना मला ते आठवतात.

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात तुझ्या घराचं आढं मोडलं आणि कौलं खाली आली, तेव्हा तू फोनवर म्हणालीस की आता तिथे परत यायला उरलंय काय. त्यानंतर तुझी रेंज जायला लागली. मी साईच्या बापाला सांगितलं की मोटर नाही, ठमाच्या घराला पत्रे. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शिडी खांद्यावर घेऊन म्हणाला, "त्या साली तिनं लावलेला भातच मीबी खाल्ला." आणि निघाला. सहादूला विचारलं, त्याने आढ्यासाठी सागाचं लाकूड काढून दिलं. तुझ्या कुलपाला हात लावू या असं एकजण म्हणाली, तर तुझी सासू दारात ठाण मांडून बसली. "माज्या सुनेनं लावलंय. तीच उघडंल." मग काय, साईचा बाप वरून आत उतरला, फुटकी कौलं टोपलीत भरून देत राहिला, आम्ही वर ओढत राहिलो. वरून तुझं घर पाहिलं गं मी. चूल, जातं, आणि भिंतीवर सृष्टीच्या उंचीच्या कोळशाच्या रेघा, पावसाने पुसट झालेल्या, पण आहेत. मला रडू आलं. धुपलेली कुडाची भिंत आम्ही बाहेरून लिंपली, धड उरलेली कौलं ओटीच्या छपरावर चढवली, दुपारपर्यंत सगळे पत्रे ठोकून झाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आतून धपधप आवाज. "यशोदे, मी हितं हाय!" नवरा आतच राहिला होता माझा! तुझी सासू म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ठमा येईस्तवर घर राखील." शेवटी एक पत्रा काढून त्याला बाहेर घेतला.

हे सांगायला पत्र लिहिलं. शेत सहादूला द्यायचं की नाही, सायखेड्याला राहायचं की इथे, ते तुझं तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. शाळेत नववीची जागा आहे हेही मी म्हटलं नाही असं समज. पण एक गोष्ट अर्धीच राहिली आहे. त्या दिवशी काम झालं आणि आम्ही सगळ्या हात धुऊन तुझ्या बंद दारासमोर उभ्या राहिलो. माझ्या घरी चला म्हटलं तर तुझ्या सासूने चालू दिलं नाही. जिचं काम तिच्या चुलीवर जेवण. म्हणून बाराही जणी त्या दिवशी सावडीच्या जेवणाशिवाय घरी गेलो, आणि साईचा बाप अजून बोलून दाखवतो. नागली मी दळून ठेवते, उडीद सहादू देणार आहे, लाकडं तुझ्या दाराशी रचली आहेत. चावी तेवढी तुझ्याकडे आहे. आखातीला ये, कुलूप उघड आणि आम्हाला जेवायला वाढ. आम्ही उपाशी आहोत, ठमा.

वाट पाहणारी,
तुझीच
यशोदा