कुंपणापलीकडची शीळ

सोमवार, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं काय, त्याची ती सवयच आहे. तू तिकडे मैत्रिणीकडे पोटभर जेवतेस ना? लाजत बसू नकोस.

अंगणातल्या दयाळ पक्ष्याचं विचारलं होतंस. स्वारी भलतीच रंगात आहे. रोज कपडे वाळत घालायच्या दांडीवर बसून तासन्‌तास गातो. मादी खाली उतरली की छाती फुगवून, शेपटी पसरून तिच्यापुढे नुसता मिरवतो. ती बया ढुंकूनही बघत नाही, किडे टिपत राहते. मला हसू आवरत नाही.

काल मात्र तो एकाएकी बिथरला. कुंपणापलीकडून दुसरी शीळ येत होती, हुबेहूब त्याच्यासारखी. हा तिकडे तोंड करून जीव तोडून ओरडायला लागला. मादी केव्हाच पसार. म्हटलं, दुसरा नर आला वाटतं, बघू तरी. चष्मा लावून फाटकापाशी गेले.

सांगणार नव्हते, पण सांगते. पक्षी नव्हता गं. तुझा नवरा होता. लग्नाआधी तुला बाहेर बोलवायला घालायचा, तीच शीळ.

मला बघून हात जोडले. "आई, एकदाच भेटू द्या तिला. मी बदललोय." डोळ्यांत पाणीसुद्धा! खोटं कशाला बोलू, मी विरघळले, फाटक उघडलं. तर मेला सरळ आत घुसला, ओट्यावरचा माझा फोन उचलला आणि तुझा नंबर शोधत बसला. तो मी पाठ करून कधीच पुसलाय, म्हणून निभावलं. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी तुमच्या वाढदिवसाला येईलच की ती."

आज सकाळपासून कोपऱ्यावरच्या दुकानाशी उभा आहे. शेजारच्या शिक्षिकाबाईंना सोबत घेऊन पोलिसांत तक्रार देऊन आले. पत्रही त्याच टाकतील. मला भीती वाटते, ठमे. तुझ्यापासून काय लपवू?

रविवारी येऊ नकोस. मी तापाने फणफणलेय असं कुणी कळवलं तरी नको. आणि फोनवर माझाच आवाज "ये गं घरी" म्हणाला, तर तो माझ्या शेजारी उभा आहे असं समज. काही बोलू नकोस. फोन ठेव आणि दाराला आतून कडी घाल.

तुला घरी येऊ नकोस म्हणणारी,
तुझी आई