शंभराचे शहाण्णव

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज मोठंच काम केलं! अण्णांच्या कोटाचा कागदी साचा — बायकोने फार पूर्वी बेतलेला, घडीघडीवर फाटलेला — माझ्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्रत काढली. रुंद कागदाचा रोल नेमका संपलेला. मग ८० टक्क्यांवर आणून छोट्या कागदावर बसवला. उद्या रोल आला की वाढवू. जुना साचा तिथेच टोपलीत टाकला. घरात कचरा कशाला?

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वडील म्हणून अण्णा नवा कोट घालणार. माप मात्र घेऊ देत नाहीत. "माझं माप बदलत नसतं. जुन्यावरच शिवा!"

मंगळवार, ६

रोल आला. वीस टक्के कमी केले होते, वीस वाढवले. १२० दाबलं, झालं! टक्के म्हणजे माझ्या हातचा मळ. दिवसभर दुसरं करतो काय मी?

शनिवार, १०

कोट शिवून झाला. हिने बाहीला टेप लावली. परत लावली.

"अहो, चोवीसची बाही तेवीस कशी?"

मी म्हटलं, टेप ताणली असेल तुझी. तिने मग छाती मोजली — बेचाळीसच्या जागी जेमतेम चाळीस. शिवणीत सोडायला कापड नाही, कारण शिवणीची जागाही साच्याबरोबर आक्रसलेली. त्या रंगाचं कापड कापडवाल्याकडेही संपलंय. स्वतः जाऊन विचारून आलो.

रविवार, ११

गुन्हेगार सापडला. मीच!

लेक सातवीत आहे. म्हणाली, "बाबा, वीस टक्के कशाचे?"

कशाचे म्हणजे? टक्के ते टक्के!

"अहो, ऐंशीचे वीस टक्के सोळाच होतात. ऐंशी नि सोळा, शहाण्णव."

कॅल्क्युलेटर काढला. ०.८ गुणिले १.२ — ०.९६. तोही तिच्याच बाजूचा. मग तिने मला शिकवलं. ८० टक्के म्हणजे चार पंचमांश. परत यायचं तर अपूर्णांक उलटा करायचा — पाच चतुर्थांश. म्हणजे १.२५. म्हणजे १२५ टक्के. म्हणजे सव्वापट! आणि मी दर महिन्याला सव्वा किलो साखर आणतो. सव्वा मला कळतो. फक्त पिशवीत असला तर.

सोमवार, १२

अण्णांना सांगायचं कोणी? जन्मभर त्यांनी गणित शिकवलं. दिव्याखालचा अंधार तो मी. ही म्हणते, "तुम्ही सांगा." मी म्हणतो, तू सांग. लेक म्हणते, "मी सांगू?" नको!!

लग्न रविवारी. सगळ्या पाहुण्यांसमोर अण्णा बटणं न लागणाऱ्या कोटात उभे राहणार, आणि तेही माझ्यामुळे. लाज वाटते.

बुधवार, १४

धीर झाला नाही. तोंड वर करून जेवलोसुद्धा नाही.

गुरुवार, १५

आज अण्णांनी कोट चढवला. बाह्या मनगटाच्या वर, हिशेबाप्रमाणे. बटणं ओढून लावावी लागतील म्हणून मी पुढे झालो. सहज लागली. सगळी. वर माझी मूठ आत जाईल एवढी जागा उरली.

"बघ, म्हटलं नव्हतं? माप तेच," अण्णा म्हणाले.

हिने माझा हात घट्ट धरला. मला भीती वाटतेय. उद्या सकाळी अण्णांना डॉक्टरांकडे नेतो.