पाण्याचा जोर आणि बाबांचा पायगुण

प्रिय मेहुणेबुवांस,

सप्रेम नमस्कार. तीर्थरूप बाबांना आम्हा दोघांचा साष्टांग नमस्कार. आज सकाळी आमच्या घरातल्या पाण्याचा दाब आठावरून तीनावर आला. ही बातमी प्लंबरने दिली असून तुझ्या ताईने चष्मा लावून, काट्याला जवळजवळ नाक टेकवून तिची खात्री करून घेतली आहे. तेव्हा आता तुम्हा सगळ्यांच्या प्रकृती विचारायला मन मोकळं झालं. बाबांचा गुडघा कसा आहे? तुझ्या मंडळींचा खोकला थांबला का? हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. फोन केला असता, पण फोन कानाला लावला की बाबा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि तो दुसऱ्याच्या हातात देतात. तेवढ्याने त्यांची समजूत पटायची नाही.

कसली समजूत, ते तुला ठाऊक आहेच. बाबा आमच्याकडे कायमचे राहायला आले आणि पंधरवडा होतो न होतो तोच बॅग भरून तुझ्याकडे परतले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "जावईबापू, माझा पायगुण काही बरा नाही या घराला." तेव्हापासून तुझी ताई त्यांच्या खोलीतली चादर दर दोन दिवसांनी बदलते आणि बदलताना रडते. (त्या चादरीवर कुणी झोपत नाही, हे मी एकदा बोलून दाखवलं. पुन्हा बोलणार नाही.)

आता पुरावा बाबांच्या विरुद्ध होता, हे मान्य करायला हवं. ते आले आणि घरातलं पाणी चेकाळलं. ग्लास नळाखाली धरला की पाणी ग्लासात न थांबता थेट धरणाऱ्याच्या तोंडावर यायचं. आंघोळीच्या वेळी हँडशॉवर माझ्या हातातून सुटला आणि नागासारखा फणा काढून मोरीभर नाचला. मी स्टुलावर चढून त्याला शरण गेलो. वॉशिंग मशीनची नळी निसटून स्वयंपाकघराचं तळं झालं, त्यात पोळपाट तरंगत दारापर्यंत गेला. आणि कुठलाही नळ बंद केला की भिंतीच्या आत धाडकन ठोका पडायचा. तुझी ताई "आले, आले" म्हणत बाहेरचं दार उघडायला जायची. बाहेर कुणी नाही. एकदा मात्र शेजारच्या काकू खरोखरच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आपण बेल वाजवायच्या आत दार उघडलं म्हणजे केवढं अगत्य! त्या चहा घेऊनच गेल्या.

गंमत अशी की या तक्रारीला कुणाची सहानुभूतीच मिळत नाही. पाण्याच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, पाणी येत नाही का? म्हटलं, येतं. मग कमी येतं? म्हटलं, नाही, जास्त येतं. तो म्हणाला, "साहेब, मजेत राहा," आणि फोन ठेवला. काकूंना सांगितलं, तर त्यांनी "नशीबवान आहात बाई" म्हणून ताईचा हात दाबला. दुसऱ्याच दिवशी त्या गोधडी घेऊन हजर! म्हणाल्या, तुमच्या नळाखाली धरली तर आपटायला नको.

प्लंबरचं म्हणशील तर तो दिसायला गंभीर आणि वागायला बेधडक. पहिल्या खेपेला त्याने नळांना दोष देऊन घरातले सगळे वॉशर बदलले. आठवडाभरात नवे वॉशर जुन्यांपेक्षा वाईट गळू लागले. दुसऱ्या खेपेला गीझरला दोष दिला. मी विचारलं, गीझरचा आणि फ्लशच्या टाकीचा काय संबंध? तो म्हणाला, "काका, पाणी एकच ना?" आज तिसऱ्या खेपेला मात्र दाब मोजायचं गेज घेऊन आला. घड्याळासारखी तबकडी, काटा एकच. ते त्याने बागेतल्या नळावर घट्ट बसवलं आणि नळ सोडला. काटा जो उसळला तो आठाच्या पुढे जाऊन थरथरत उभा राहिला. प्लंबरने शीळ घातली. म्हणाला, "काका, हा नळ नाही, आगीचा बंब आहे. दाब तीन असला तरी डोक्यावरून पाणी."

मग फाटकाजवळ, कुंड्यांच्या मागे, मीटरला लागून असलेला एक पितळी व्हॉल्व्ह सापडला. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याचा जोर घरात शिरण्याआधी कमी करायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. आवळला की जोर वाढतो, ढिला केला की उतरतो. तो पार आवळला गेला होता. (आपोआप. थंडीत धातूला काय वाट्टेल ते होतं म्हणतात.) प्लंबरने तो ढिला केला, तरी काटा हलेना. ताईचा जीव खालीवर. तेव्हा तो म्हणाला, "आतला जुना जोर अडकलाय, काकू. नळ सोडा, जाऊ दे त्याला." ताईने नळ सोडला, बंद केला, आणि काटा शहाण्या माणसासारखा तीनावर येऊन बसला. त्यानंतर तिने घरातला एकेक नळ उघडला, मिटला आणि भिंतीला कान लावून ऐकलं. ठोका नाही! मग ती मोठ्याने हसली. ते हसू या घरात बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तेव्हा बाबांना ठासून सांग, यात पायगुणाचा काडीचा संबंध नाही. खोली तयार आहे, चादर आजच बदलली आहे. रविवारी सकाळच्या बसमध्ये त्यांना बसवून दे, आणि या वेळी बॅग मोठी दे.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
भावोजी

ता. क. : बाबांना सांग, पत्र संपलं. इथून पुढे ओठ न हलवता वाच. स्क्रू आपोआप आवळला गेला नव्हता. प्लंबर म्हणाला, "हा पान्याने आवळलाय, आणि कुणीतरी फार मनापासून आवळलाय." मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. बाबा गेल्यापासून साखरेचा डबा आम्हाला उघडलेला नाही. माझ्या चष्म्याच्या काड्या मिटत नाहीत. तुझी ताई म्हणते, घरात आता एकच स्क्रू ढिला उरलाय आणि तो तुझ्या भावोजींच्या डोक्यात आहे. थोडक्यात, हा पायगुण नव्हे, हातगुण. पण बाबांना यातलं अवाक्षर कळता कामा नये. कळलं, तर ते येतील, पण हाताची घडी घालून कोपऱ्यात बसतील, आणि ते आम्हाला भरलेल्या तळ्यापेक्षा वाईट. त्यांचा पाना बॅगेत आठवणीने ठेव.

ता. क. २ : व्हॉल्व्हवर कुलपाची पेटी बसवली आहे आणि मोबदल्यात बाकीचं घर मोकळं सोडलं आहे. खुर्च्यांचे पाय, खिडक्यांच्या कड्या, कढईचे कान, सगळं मी स्वतः ढिलं केलं. मघाशीच एका खुर्चीवरून पडलो, तेव्हा रविवारपर्यंत आम्ही उभ्यानेच जेवणार. फाटकाची कडी तर अशी बेताने ठेवली आहे की बाबांनी हात लावला की ती त्यांच्या हातात येईल. ताईचा अंदाज आहे, ते घरात पाऊल टाकायच्या आधी बाहेरूनच ओरडतील, "अगं, माझी बॅग उघड आधी!"